मातीत वावरणाऱ्या हातासाठी हिरवा खडा

"हा पाचू खोटा निघाला," अंगठी माझ्यासमोर ठेवत त्या म्हणाल्या. "आता खरा घ्यायचाय. आणि तयार अंगठी नको, घडवूनच हवी."

रंगीत खड्यांच्या अंगठ्या ग्राहकाच्या मागणीप्रमाणे घडवणं हे माझं काम. समोर बसलेल्या बाईंचं काम मातीचं. चाकावर भांडी काढणं, हाताने थापणं, ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर चढवणं, भट्टी लावणं, सगळं त्या एकट्या करतात. वय पंचावन्नच्या पुढे. नखांच्या कडेला सुकलेली माती होती. अंगठी सहा वर्षं रोज बोटात होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ती एका दुकानात साफ करायला दिली. तिथे ती अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घातली गेली, आणि परत आली तेव्हा खड्यात पांढऱ्या भेगांचं जाळं दिसायला लागलं होतं. "आधीपासूनच असेल," एवढंच उत्तर मिळालं.

मी दहापट भिंग लावलं. मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या आणि या प्रकरणातला पुढचा सगळा विचार त्या दोन गोष्टींवरून झाला.

पहिली गोष्ट खड्याच्या आत. भेगांच्या मधोमध सुईच्या टोकाहून बारीक अशी एक दातेरी पोकळी होती. तिच्यात द्रव, द्रवात एक बुडबुडा आणि बुडबुड्याशेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. हे त्रिकूट काचेत नसतं, आणि कारखान्यात वाढवलेल्या पाचूतही मला कधी दिसलेलं नाही. कोलंबियाच्या पाचूंची तर ती ओळखच मानली जाते. म्हणजे खडा अस्सल होता.

मग भेगा आल्या कुठून? त्या पहिल्यापासून होत्या. पाचूत भेगा जवळजवळ असतातच, आणि त्या देवदाराच्या जातीच्या झाडाच्या तेलाने किंवा राळेने भरून घेण्याची रीत फार जुनी आहे. पाचूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.५८, त्या तेलाचा १.५ च्या आसपास, हवेचा १. भेगेत तेल असेल तर प्रकाश जवळजवळ सरळ पुढे जातो आणि भेग डोळ्यांना दिसतच नाही. तेल निघून हवा शिरली की तीच भेग आरशासारखी चमकते. मशीनच्या कंपनांनी आणि कोमट साबणाच्या पाण्याने सहा वर्षांचं तेल काही मिनिटांत बाहेर काढलं होतं.

हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. दोन महिने त्या फसवले गेल्याच्या भावनेने जगत होत्या, आणि खरी चूक वेगळीच होती: विकताना कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं की या खड्यात तेल आहे, त्याला मशीन, वाफ आणि उष्णता चालत नाही. तेल घातलेला पाचू विकणं गैर नाही. न सांगता विकणं गैर आहे. बिलावर एक ओळ लिहायची असते, आणि ती लिहिली जात नाही याचा मला दर वेळी तितकाच राग येतो.

दुसरी गोष्ट खड्याच्या बाहेर होती. पैलूंच्या धारा गोलसर झाल्या होत्या, साबणाची वडी वापरून वापरून होते तशा. वरचा सपाट पैलू, ज्याला आम्ही टेबल म्हणतो, घासलेल्या काचेसारखा धुरकट झाला होता. त्यावर आठ-दहा खोल, सरळ चरे होते. हे मशीनने झालेलं नव्हतं.

मी त्याचा दोष मातीला दिला. मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण असतात, क्वार्ट्झची कठीणता खनिजांच्या मोहस् मापावर ७, पाचूची ७.५ ते ८. फरक थोडा. कठीण खड्यावर मऊ कण लगेच चरा पाडत नाही, पण सहा वर्षं रोज घासला तर पैलूंच्या धारा नक्कीच मारतो. असं मी त्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, हे पुढे कळलं.

खापरी

"हिरवा म्हणजे कसा हिरवा?" हा माझा नेहमीचा प्रश्न. बहुतेक जण फोनवरचा फोटो दाखवतात, आणि फोनच्या पडद्यावरचा हिरवा हा पडद्याचा हिरवा असतो. या बाईंनी पिशवीतून एक खापरी काढली. त्यांच्याच एका फुटलेल्या वाडग्याचा तुकडा, अंगठ्याच्या नखाच्या दुप्पट. त्यावर सेलाडॉन ग्लेझ होतं: निळसर, राखाडीकडे झुकणारं हिरवं. वाडग्यावर कोरलेल्या रेषांच्या खोबणीत ग्लेझ जाड साचलेलं, तिथे रंग खोल आणि निळा. कडेला ते पातळ, तिथे फिकट. "हा रंग आणायला मला चार वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "हाच बोटात हवा."

एवढा नेमका नमुना घेऊन येणारं माणूस मला क्वचितच भेटतं. पुढच्या भेटीला मी पाच खडे मागवून ठेवले आणि पांढऱ्या कागदावर खापरीभोवती मांडले: पाचू, सावोराइट, पेरिडॉट, निळसर हिरवं टूर्मलिन आणि तसाच निळसर हिरवा सफायर.

निवड पाच मिनिटांत अर्ध्यावर आली, आणि ती त्यांनी केली. पाचू आणि सावोराइट बोटाने बाजूला सारत त्या म्हणाल्या, "हे क्रोमचे हिरवे. क्रोम ऑक्साइड घातलं की ग्लेझ असंच जोरात हिरवं होतं. माझं लोखंडाचं आहे."

मला क्षणभर काही बोलता आलं नाही, कारण त्या तंतोतंत बरोबर होत्या. पाचूचा हिरवा क्रोमियम आणि व्हॅनेडियमचा, सावोराइटचाही तोच. सेलाडॉनचा रंग येतो तो ग्लेझमधल्या एक ते तीन टक्के लोह ऑक्साइडमुळे, भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजल्यावर. उरलेल्या तिन्ही खड्यांत हिरव्याला लोखंडच कारण आहे. सफायरमध्ये लोखंडाचा पिवळा आणि लोखंड-टायटॅनियमच्या जोडीचा निळा एकमेकांवर पडतात आणि डोळ्याला हिरवं दिसतं. रत्नशास्त्राच्या वर्गात शिकायला मला कित्येक आठवडे लागले होते ते या बाईंनी भट्टीच्या अनुभवावर ओळखलं.

सावोराइट बाजूला जाताना मला थोडं वाईट वाटलं. १९६७ मध्ये कॅम्पबेल ब्रिजेस यांना टांझानियात सापडलेला हा गार्नेट. त्याला सहसा तेल नाही, तापवणं नाही, जसा जमिनीतून येतो तसाच विकला जातो. आपण ज्याला गोमेद म्हणतो तो आणि सावोराइट एकाच खनिजाचे, ग्रॉस्युलरचे, हे अनेकांना ठाऊक नसतं. पण रंग त्यांचा नव्हता, आणि घडवून घेण्याच्या अंगठीत रंगाबाबत ग्राहकाचा शब्द शेवटचा.

पेरिडॉटही गेला. त्याचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, कठीणता ६.५ ते ७, शिवाय आम्लाने आणि अचानक उष्णतेने तो बिघडतो. भट्टीजवळच्या हाताला तो शोभत नाही.

उरले टूर्मलिन आणि सफायर. आणि इथे अडचण झाली, कारण टूर्मलिनचा रंग खापरीशी असा जुळला की खडा ग्लेझवर ठेवल्यावर त्याच्या कडा शोधाव्या लागत होत्या. सफायर जवळचा होता, तोच नव्हता. तो जरा जास्त निळा, जरा जास्त गडद.

"प्रश्नच नाही," म्हणत त्यांनी टूर्मलिन उचललं.

मी थोडं थांबायला सांगितलं. टूर्मलिनची कठीणता ७ ते ७.५, म्हणजे जुन्या पाचूपेक्षाही थोडी कमीच. आत भेगा असतील तर अचानक तापण्याने ते तडकू शकतं. आणखी एक गंमतीदार गुण: तापलं की त्यावर विद्युतभार येतो आणि ते धूळ, राख ओढून घेतं. डच लोक त्याला राख ओढणारा दगडच म्हणत. सफायर म्हणजे कुरुंद. लाल कुरुंद तो माणिक, बाकी सगळ्या रंगांचे सफायर; धार लावायला पूर्वी वापरत तो कुरुंदाचा दगड याच खनिजाचा. कठीणता ९, सहज फुटण्याची दिशा नाही, चिवटपणा उत्तम. कठीणता आणि चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे सांगायलाच हवं. टोपाझ ८ कठीण असूनही एका दिशेने फटकन दुभंगतो, कारण त्याच्या स्फटिकात तशी पातळीच असते.

त्या ऐकत होत्या, पण टूर्मलिन हातातून सुटत नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही खडे घेऊन मी तुमच्या कामाच्या जागी येते. तिथल्या उजेडात बघू.

घासायचा दगड

खडा ज्या उजेडात घालायचा त्या उजेडात बघावा, हा माझा नियम. दुकानातले दिवे खड्याची बाजू घेणारेच असतात. त्यांच्या खोलीत एका बाजूला मोठी खिडकी होती आणि चाकावर पिवळा बल्ब. खिडकीपाशी सफायर जवळजवळ निळा झाला. बल्बखाली तोच राखाडी हिरवा. टूर्मलिन दोन्हीकडे साधारण सारखंच राहिलं. मला वाटलं, सफायर आता गेलाच. पण त्यांनी खोबणीचा भाग वर करून खापरी सफायरशेजारी धरली आणि म्हणाल्या, "माझं ग्लेझही एका जागी निळं, एका जागी हिरवं. याला वाईट कसं म्हणू?"

निर्णय मात्र उजेडाने झाला नाही. आम्ही बोलत असताना त्यांनी सवयीने एक भाजलेला वाडगा उचलला, उलटा केला आणि शेजारच्या काळ्या दगडाने त्याचा तळ घासायला लागल्या. भट्टीत ग्लेझ ओघळून तळाला काचेसारखे टोचरे कण चिकटतात, ते काढायला. दगड उजव्या हातात होता. अंगठीचं बोटही उजव्याच हाताचं.

"हा कसला दगड?"

"कार्बोरंडम. भट्टीच्या फळ्याही यानेच साफ करते."

सहा वर्षांच्या चऱ्यांचं उत्तर तिथे होतं. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, कठीणता ९ च्या वर. एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९३ साली त्याचं पेटंट घेतलं; आपण बनवलंय ते कार्बन आणि कोरंडम मिळून झालंय अशा समजुतीने हे नाव पडलं, म्हणजे नावात आपला कुरुंदच आहे. मातीने पाचूच्या धारा मारल्या असतील, पण टेबलावरचे खोल, सरळ चरे या दगडाचे होते. मी पहिल्या भेटीत "मातीत काम करता ना?" एवढंच विचारून मोकळी झाले होते. हात दिवसभर नेमकं काय करतो, हे विचारलंच नव्हतं. ती चूक माझी, आणि तिथे गेले नसते तर ती अंगठी घडवून झाल्यावर कळली असती. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाला आधी एका दिवसाचं काम सांगायला लावते, सकाळपासून रात्रीपर्यंत. खड्याचं नाव त्यानंतर.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं: या दगडापुढे सफायरही टिकणार नाही. मोहस् यांनी १८१२ मध्ये मांडलेलं माप एवढंच सांगतं की कोण कोणाला ओरखडतो, आणि कार्बोरंडम कुरुंदाला ओरखडतो. एक हिरा सोडला तर दागिन्यातला कुठलाच खडा इथे तग धरणार नाही. तेव्हा घासताना अंगठी काढायची, हे ठरवावंच लागेल. मग प्रश्न उरतो तो बाकीच्या वेळेचा: ओली माती, वाळू मिसळलेली माती, सुकी धूळ. तिथे ९ आणि ७.५ यांतला फरक फार मोठा आहे. सफायरला क्वार्ट्झ काही करू शकत नाही. टूर्मलिनची गत दहा वर्षांत जुन्या पाचूसारखी होईल.

"घासताना काढेन," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण थापताना नाही काढणार. ते जमणार नाही मला."

तेवढं प्रामाणिक उत्तर मला पुरेसं होतं. सफायर ठरला.

खिडकी

दाखवायला आणलेला सफायर मी तसाच दिला नाही. त्याला खिडकी होती. छापील कागदावर खडा टेबल वर करून ठेवला की मधोमध अक्षरं वाचता येत होती. खड्याची खालची बाजू उथळ कापलेली असली की असं होतं. सफायरमध्ये साधारण ३४.५ अंशांपेक्षा तिरपा पडलेला किरण आतल्या पैलूवरून परत फिरतो; त्यापेक्षा सरळ पडला तर तो पलीकडे निघून जातो आणि मधला भाग पाण्यासारखा फिका दिसतो. कापणारे असं मुद्दाम करतात असं नाही. कच्च्या दगडाचा आकार उथळ असेल तर वजन वाचवायचा मोह होतो. खडा वरून मोठा दिसतो, आतून रिकामा.

दुसरा शोधायला सात आठवडे लागले. त्यांनी एकदाही घाई केली नाही. मिळाला तो अंडाकृती, ७ बाय ५ मिलिमीटर, १ कॅरेटच्या जवळपास. आकाराविषयी त्यांचा एक गैरसमज होता, तो मापाने दूर झाला. जुना पाचूही ७ बाय ५ चाच, पण बिलावर वजन जेमतेम ०.७ कॅरेट. त्यांना वाटलं, १ कॅरेट म्हणजे नवा खडा मोठा दिसेल. कॅरेट हे वजन आहे, ०.२ ग्रॅम, आणि कुरुंद पाचूपेक्षा जवळजवळ दीडपट जड: घनता ४ आणि २.७. रंगीत खड्यात नेहमी मिलिमीटर विचारावेत.

कागद मी स्वतंत्र प्रयोगशाळेचा मागितला, विकणाऱ्याचा नाही. त्यावर होतं: नैसर्गिक सफायर, तापवलेला, डिफ्यूजन नाही. तापवणं म्हणजे १५०० अंशांच्या वर भाजून रंग आणि स्वच्छता सुधारणं; ते कायमचं असतं आणि सांगून विकलं तर सर्वमान्य आहे. डिफ्यूजन वेगळं. त्यात बेरिलियमसारखं मूलद्रव्य बाहेरून खड्यात शिरवलं जातं, आणि २००१-२००२ च्या सुमारास असे खडे बाजारात सर्रास आले तेव्हा भल्याभल्यांची फसगत झाली. ते साध्या भिंगाने ओळखता येतंच असं नाही, म्हणून कागद. बाईंना तापवण्याचं अजिबात वावडं नव्हतं. "मीही भाजूनच रंग काढते," त्या म्हणाल्या.

कोंदण

नख्या, म्हणजे खडा धरून ठेवणारी सोन्याची टोकं, नकोत हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. नख्यांखाली माती अडकते, नखी वाकते, खडा एक दिवस गळून पडतो. बंद कोंदण केलं: खड्याच्या संपूर्ण कडेवर सोन्याची पट्टी वळवून दाबलेली, बोटापासून उंची शक्य तितकी कमी. आधी मेणाचा साचा त्यांच्या बोटात घालून बघितला. त्यांनी माझ्याकडच्या मातीच्या गोळ्यावर हात थापला आणि पट्टीची एक कड टोचते म्हणून सांगितली. ती गोल केली. सोनं १८ कॅरेटचं आणि मुद्दाम खरखरीत ठेवलं, चकचकीत नाही, कारण मातीने त्यावर चरे पडणारच आणि खरखरीत पृष्ठभागावर ते मिसळून जातात.

मागची बाजू हा एकच मुद्दा आम्ही तीनदा बदलला. मागून बंद केली तर माती शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पाणी आणि साबण शिरतोच, आणि आत सुकून राहतो. खड्याच्या खालच्या पैलूंवर तेलकट थर बसला की वर सांगितलेला ३४.५ अंशांचा हिशोब कोलमडतो. हवेऐवजी तेल आलं की तो कोन ५५ अंशांच्या वर जातो, आणि परत फिरणारा प्रकाश गळून जातो. अंगठी मळली की खडा मेल्यासारखा दिसतो तो यामुळेच. म्हणून मागे मोठं छिद्र ठेवलं, मऊ ब्रशचं टोक आत जाईल एवढं.

जुन्या पाचूत पुन्हा तेल भरून घेतलं. भेगा पूर्ण नाही, पण बऱ्याच मिटल्या. तो आता गळ्यातल्या पदकात आहे, आणि पदकाच्या बिलावर ती ओळ मी स्वतः लिहिली.

वर्षाने त्या अंगठी तपासायला घेऊन आल्या. कोंदणाची पट्टी घट्ट, सोन्यावर बारीक चऱ्यांची जाळी, पैलूंच्या धारा पहिल्या दिवसासारख्या तीक्ष्ण. मागच्या छिद्रात सुकलेली पांढरी माती. भिंगाखाली वरच्या बाजूच्या एका पैलूवर एक चरा दिसला, केसाहून बारीक, अगदी सरळ. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "एकदाच. दिवाळीची मागणी होती, भट्टी रिकामी करायची घाई होती, विसरले."

पुन्हा पॉलिश करून तो जाईल का, असं त्यांनी विचारलं. जाईल, पण त्यासाठी खडा कोंदणातून काढावा लागेल आणि तो पैलू थोडा कापला जाईल. नुसत्या डोळ्यांना चरा दिसत नव्हता. राहू दे, असं मी सांगितलं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मागची माती ब्रशने काढली, कोरडी करून अंगठी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन बघितली, मग दिव्याखाली.